खालची जागा

अक्षराला साठ रुपये, काना-मात्रा धरून.
हा दर देवळाच्या पायरीचा, दुकानाच्या पाटीचा,
घाटावरच्या 'यांच्या स्मरणार्थ'चा.
चौकातल्या या दगडाला आमच्या घरात दर नाही.
आज्यानं घेतला नाही, बापानं घेतला नाही.
मी घेईन की काय म्हणून
सरपंचांनी आधीच विचारून ठेवलं.

सगळ्यांत वर राणबा सुबराव. बर्मा, चव्वेचाळीस.
आज्याचा हात. 'ब' बोरूच्या वळणाचा,
पोट फुगलेला; शाळेतली पोरं हसतात.
त्याखाली बाबगोंडा. एकाहत्तर. बापाचा हात.
'गों'वरचं टिंब जरा निसटलंय:
दोघं एका तालमीतले, एका जोडीचे,
आणि बाप त्या दिवशी जेवला नव्हता.

माझ्या वाट्याला केदारी.
नायक केदारी सातापा खोराटे, वय एकोणतीस.
मागच्या सुट्टीत त्यानं नव्या चौकटीवर
'आई' कोरून घेतलं होतं.
दोन अक्षरं, एकशेवीस.
"पुढच्या सुट्टीत देतो की," म्हणाला.
उधारी वहीत आहे. खोडणार नाही.

दुपारी बाळाक्का आली ताकाचा तांब्या घेऊन.
दगड तापलेला. तिनं तळवा टेकला
आणि उचललाच नाही.
"ह्यात 'आई' कुठं हाय?"
तिला अक्षरं दोनच येतात, दारावरची.
मी छिन्नीचं टोक 'दा'च्या कान्यावर ठेवलं:
हा 'आ', अक्का.
मग 'री'च्या वेलांटीवर: ही 'ई'.
तिनं बोट फिरवलं. कान्यावरून खाली,
वेलांटीच्या कमानीवरून सावकाश,
पुन्हा एकदा.
"म्हंजी त्येच्या नावात मी हुतेच व्हय,
पैल्यापासनं."

अक्षरं अजून नुसती टोचलेली होती.
मी हातोडी उचलली.
"खोल कोर बाबा, पावसाळं लई हाईत."
दोन घाव झाले.
"हळू मार रं."

सरपंच सांगून गेले होते:
खाली दीड हात जागा सोड.
कशाला, ते बोलले नाहीत. मी विचारलं नाही.
पहाटे साडेपाचला चौकातनं पोरं पळतात,
टेंबलाईच्या भरतीसाठी, सोळाशे मीटर.
दगडाला हात लावून थांबतात,
धापा टाकत मोबाइलवरची वेळ बघतात.
पहिला येतो तो माझा धाकटा.
पाच मिनिटं पस्तीस.

अक्कानं जाताना ती कोरी जागा बघितली.
"हितं काय येनार?"
"नक्षी," मी म्हणालो.
दगडापुढं उभा राहून खोटं बोललो
ते एवढंच.

मग ते खरं करणं आलं.
रात्री सलूनमधनं वायर ओढली, बल्ब टांगला
आणि दीड हातभर जोंधळा कोरला.
ताटं, पानं, भरलेली कणसं,
या कडेपासून त्या कडेपर्यंत,
की नखाएवढंही अक्षर बसू नये.
एका कणसावर पाखरू बसवलं.
उजाडलं तेव्हा बोटं मिटत नव्हती.

शनिवारी हार झाले, बिगुल झाला,
पांढऱ्या गाड्या गडहिंग्लजकडं वळल्या.
सरपंच जवळ आले. ओरडतील वाटलं.
त्यांनी कणसांवरनं हात फिरवला,
"झकास झालंय," म्हणाले,
आणि दगडाला वळसा घालून मागं गेले.
मागची बाजू कोरी आहे, अजून घासलेलीही नाही.
बराच वेळ
ते पलीकडनं आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी पोरं नेहमीसारखी पळाली.
मी खिडकीत होतो.
पाच मिनिटं एकोणतीस.